दोन्ही चालतील असा

दाराच्या आतून आवाज आला, "आई, दोन्ही सिस्टीम चालतील असा लॅपटॉप पाहिजे," आणि सिंधुच्या हातातली परात हलली. तिने सवयीने आधी खिडकीतल्या कुंडीकडे पाहिलं, मग छताच्या पंख्याकडे. कुंडी जागच्या जागी होती, पंखाही. म्हणजे हललं ते आपल्याच हातातलं, हे पटल्यावर मग तिच्या ध्यानात आलं की मिहिर बोलला. नुसता बोलला नाही, त्याने काहीतरी मागितलं. दिवाळीला लातूरहून आला तो परत क्लासला गेलाच नाही आणि आता संक्रांत होऊन गेली होती. एवढ्या दिवसांत तो "हं" म्हणाला होता, "नको" म्हणाला होता, "झोपतो" म्हणाला होता. पाणी हवं असलं तरी स्वतः उठून माठापाशी जायचा, कुणाला सांगायचा नाही. पिठाचे हात तसेच धरून ती दाराशी गेली. दाराला आतून कडी नव्हती. त्याला कोंडून घेऊ देऊ नका, असं डॉक्टरांनी सांगितलं त्याच दिवशी अण्णारावांनी, तिच्या नवऱ्याने, पेचकसाने ती काढून टाकली होती आणि कडीच्या जागी स्क्रूची चार भोकं उरली होती. ढकललं असतं तर दार उघडलं असतं. तिने ढकललं नाही. "कोणत्या दोन्ही?" तिने विचारलं.  आपण विचारायलाच नको होतं, नुसतं "बरं" म्हणायला हवं होतं असं तिला वाटायला लागलं, तेवढ्यात आवाज आला, "विंडोज आणि लिनक्स." ती स्वयंपाकघरात परत आली आणि पोळ्या लाटता लाटता ते दोन शब्द मनात म्हणत राहिली, तिच्या वर्गातली पोरं पाढे म्हणतात तसे, अर्थ न कळता पण चुकू नयेत म्हणून जपून.

अण्णाराव जिल्हा परिषदेतून आले, पाय धुतले, खुर्चीत बसले, तेव्हा तिने हळू आवाजात सांगितलं. घरात आता सगळंच हळू आवाजात चालायचं. "लॅपटॉप?" ते म्हणाले. "कशाला? खेळ खेळायला?" मग मिहिरने काही मागितलं यातला अर्थ त्यांनाही कळला. अण्णाराव वाईट माणूस नव्हते. पोराला लातूरला टाकायचं हे दोघांनी मिळून ठरवलेलं होतं. दहावीला एवढे चांगले मार्क पडल्यावर नांदेडात तरी कोण ठेवतो, असं शेजारपाजारी, शाळेत, ऑफिसात सगळेच म्हणत होते, आणि आपणही म्हणत होतो, सिंधुला आठवत होतं. मिहिर तेव्हा सोळा वर्षांचा होता आणि त्याने नको म्हटलं नव्हतं. त्याने हो तरी म्हटलं होतं का, हे तिला आता कितीही आठवलं तरी आठवत नव्हतं. बारावी झाली, नीटची परीक्षा दिली, ती थोडक्यात हुकली, पुन्हा लातूर. "त्याच्या डोक्यात काय चालून राहिलंय, काही कळत न्हाई," अण्णाराव म्हणाले. जरा वेळाने म्हणाले, "पण विंडोज पाहिजेच. क्लासची टेस्ट सिरीज त्याच्यावरच चालते. मागं त्यांच्या सरांनी सांगितलं होतं." तिने पाण्याचा तांब्या पुढे केला. ते म्हणाले, "घे. तूच जा. मी गेलो तर त्याला वाटंल, मी माझ्या मनाचं आणलं."

शाळा सुटल्यावर ती वजिराबादच्या बाजारात गेली. पहिल्या दुकानात माणसाने तिच्यापुढे लॅपटॉप ओळीने उघडून ठेवले. हा चंदेरी, हा काळा, ह्याचं वजन कमी. "दोन्ही सिस्टीम चालतील का?" तिने विचारलं. तो म्हणाला, "सगळ्यात सगळं चालतं, मॅडम. काही प्रॉब्लेम आला तर आम्ही बसलोच आहोत." त्याला प्रश्न कळला नव्हता आणि कळला नाही हे तिला कळत होतं, कारण प्रश्न तिलाही कळला नव्हता. काळ्या पडद्यांत तिचा चेहरा एकाशेजारी एक दिसत होता, प्रत्येकात थोडा वेगळा वाकलेला. आपण चुकीचा नेला तर काय होईल, हे तिच्या डोळ्यांसमोर उभं राहिलं. मिहिर खोकं उघडेल, बघेल, काही बोलणार नाही. बंद करून ठेवून देईल. "नाही चालत" असंही म्हणणार नाही, कारण म्हणून काय उपयोग, असं त्याला वाटेल, आणि मग पुन्हा तो कधी काही मागणार नाही. बाहेर रस्त्यावरून एक ट्रक गेला, काचेचं काउंटर बारीक थरथरलं, तिने दोन्ही हात त्यावर सपाट ठेवले आणि थरथर थांबेपर्यंत तशीच उभी राहिली. दुकानदार बघत होता. "नंतर येते," म्हणून ती बाहेर पडली.

दुसरं दुकान जिन्यावरून वर होतं. तिथे काउंटरमागे एक मुलगी होती, तेवीस-चोवीसची, केस घट्ट बांधलेले, खिशाला नावाची पट्टी, लुंबिनी. सिंधुने पाठ केलेलं वाक्य जसंच्या तसं म्हटलं. मुलीने मान वर केली आणि विचारलं, "कोण वापरणार हाय?" "मुलगा." "आधी वापरलंय का त्यानं लिनक्स?" "माहीत नाही," सिंधु म्हणाली, आणि हे म्हणताना तिला लाज वाटली, जसं कुणी मुलाची जन्मतारीख विचारावी आणि ती सांगता येऊ नये. घरात जुना कॉम्प्युटर होता, त्यावर तो बसायचा, रात्री दाराच्या फटीतून निळा उजेड यायचा. त्या उजेडात काय होतं हे तिने कधी विचारलं नव्हतं. लुंबिनी म्हणाली, "काही मशिनी विंडोज सोडून दुसरं घेतच न्हाईत नीट. कुलूप लावल्यासारखं असतं. कधी दुसऱ्यात वायफाय लागत न्हाई, कधी पडदाच येत न्हाई. आपण लावून बघू. पेनड्राईव्हवर सिस्टीम हाय माझ्याकडं. ती इथंच चालली तर घरी पण चालंल." सिंधुला बसायला स्टूल दिलं. लुंबिनीने पहिल्या लॅपटॉपला पेनड्राईव्ह लावला, बटन दाबलं. वर दोन ओळी अक्षरं आली आणि मग पडदा काळा झाला. "थांबा," लुंबिनी म्हणाली. "कधी कधी वेळ लागतो. आत काम चालू असतं, आपल्याला दिसत न्हाई." सिंधु त्या काळ्या पडद्याकडे बघत राहिली.

आत काम चालू असतं, आपल्याला दिसत नाही. भूकंपाच्या वर्षी सिंधु लातूरला मामांकडे राहून डी.एड. करत होती. गणपती विसर्जन झालेली रात्र होती, पहाटे भांडी पडली, सगळे रस्त्यावर आले, कुणी हसलं सुद्धा. उजाडल्यावर कुणीतरी म्हणालं की औशाच्या पलीकडे काही राहिलं नाही. मामांनी जीप मिळवली. गावात शिरताना तिला गावच सापडेना. गल्ल्या नव्हत्या. दगड होते, माती होती, माळवदाची लाकडं उभी-आडवी पडली होती आणि त्यावरून लोक चालत होते, म्हणजे घरांवरून चालत होते. आपलं घर तिने शेजारच्या लिंबाच्या झाडावरून ओळखलं. वडील गुरुपादप्पा तोवर बाहेर काढून चादरीखाली ठेवले होते. आई कमलम्मा ओट्याच्या दगडावर बसली होती, अंगावर कुठे ओरखडा नाही, आणि ती सिंधुला म्हणाली, "सिद्धू बोलतोय." खरंच बोलत होता. भिंतींचे दगड एवढाले, की दोन माणसांना एक उचलेना, आणि त्यांच्या खालून तिचा धाकटा भाऊ सिद्धेश्वर अगदी रोजच्या आवाजात बोलत होता. "अक्का, आलीस का?" म्हणाला. "अक्का, पायावरचं तेवढं काढ." ती म्हणाली, "काढतो रे, काढून राहिलेत सगळे." त्याने विचारलं, "शाळा हाय का आज?" ती म्हणाली, "सुट्टी दिली." "मग बरंय," म्हणाला. मामा आणि गावातली माणसं हातांनी दगड काढत होती, एक काढला की वरची माती खाली घसरायची. त्याने पाणी मागितलं, फडकं भिजवून काठीने फटीत सारलं, ते त्याच्यापर्यंत गेलं की नाही कळलं नाही. त्याने उजेड मागितला, कुणीतरी बॅटरी आणली, ती फटीतून लावली तर म्हणाला, "दिसंना." ती त्याला विचारत राहिली, "सिद्धू, अजून काय पाहिजे, सांग." तो मागत होता तोवर तिला भीती वाटली नाही. मागणारा माणूस जिवंत असतो, एवढं तिला त्या वयातही कळत होतं. दुपार कलली तसा तो नुसता "हं" म्हणायला लागला. सिद्धू, ऐकतोस का? हं. सिद्धू, आता थोडंच राहिलं. हं. मग सैनिक आले, त्यांनी सगळ्यांना गप्प उभं राहायला सांगितलं, एवढं मोठं गाव गप्प झालं, कुत्रीसुद्धा, आणि त्या शांततेत तिने हाक मारली. नंतर त्याला बाहेर काढलं तेव्हा त्याच्या अंगावर शाळेचीच चड्डी होती. त्यांच्या समाजात माणसाला पुरायची रीत, पण तेव्हा कुणाला जागा नव्हती, वेळ नव्हता, सगळ्यांना एकत्रच लाकडांवर ठेवलं. कमलम्मा एवढंच म्हणाली, "बरं झालं. पुन्हा मातीत नको."

"हा काही घेत न्हाई," लुंबिनी म्हणाली आणि पेनड्राईव्ह काढला. "दुसरा बघू." ती आतून दुसरा घेऊन आली. काळा, साधा, जरा जाड. केबल जोडता जोडता तिने विचारलं, "क्लासला हाय का मुलगा?" "लातूरला होता," सिंधु म्हणाली. लुंबिनीचे हात क्षणभर थांबले. "मी पण होते. दोन वर्षं. ट्यूशन एरियात, एका खोलीत पाच जणी." सिंधुने विचारलं, "मग?" "मग काय. मामा भोकरहून आले, म्हणाले चल. मी म्हटलं कुठं, म्हणाले घरी. सामान पण नीट भरलं न्हाई, तसंच आलो." तिने बटन दाबलं. "नंतर महिनाभर झोपूनच होते मी. मग हे शिकले." पडद्यावर अक्षरांच्या ओळी पळायला लागल्या, मग सगळं पुसलं जाऊन एक जांभळट रंग उगवला आणि कोपऱ्यात वायफायची खूण आली. "लागला बघा. हा दोन्ही चालवंल. आता विंडोज टाकून देते, अर्धी जागा मोकळी सोडते, दुसरी तो स्वतःच टाकंल. पोरांना स्वतः टाकायला आवडतं." सिंधुला एकदम तिचा हात धरावासा वाटला. तिने धरला नाही. रिक्षात बसल्यावर खोकं मांडीवर घेतलं आणि गतिरोधक आला की ते दोन्ही हातांनी उचलून धरत घरी आली.

मिहिर खोलीतून बाहेर आला. जेवणाच्या टेबलाशी उभा राहून त्याने खोक्याची चिकटपट्टी कापायला सुरी मागितली. तिने दिली, आणि सुरी त्याच्या हातात असेपर्यंत ती टेबलापासून हलली नाही. पट्टी कापून त्याने सुरी खाली ठेवली. लॅपटॉप उलटा करून मागचं लेबल वाचलं. "कोणी काढून दिला हा?" त्याने विचारलं. "एका मुलीने. लावून बघितला तिने, पहिला चालला नाही मग हा." त्याने मान हलवली. "बरोबर हाय," म्हणाला. ती आत जाऊन मोरीत तोंड धुतल्यासारखं करून रडली.

पुढचे दिवस तिला नंतर फार आठवत राहिले, कारण त्यांत विशेष काही घडलं नव्हतं. दार अर्धं उघडं असायचं. एकदा त्याने वरण परत मागितलं. एकदा तो गच्चीवर जाऊन आला. आणि एका संध्याकाळी त्याने हाक मारली, "आई, बघ." ती त्याच्या पलंगाच्या कडेला बसली. खोलीत बंद हवेचा आणि उशीच्या तेलाचा वास होता. पडद्यावर करडं आभाळ होतं आणि त्यात खूप सारे बारीक काळे ठिपके. ते एकत्र वळत होते, फुटत होते, पुन्हा जुळत होते, अगदी संध्याकाळी स्टँडच्या झाडांवर उतरायच्या आधी साळुंक्या करतात तसे. "कुठला व्हिडिओ आहे हा?" तिने विचारलं. तो हसला. किती महिन्यांनी त्याचे दात दिसले. "व्हिडिओ न्हाई. मी केलंय. लिनक्समधी." त्याने बोट लावून एक ठिपका दाखवला. "हे पाखरू. ह्याला मी कुठं जायचं ते सांगितलेलंच न्हाई. हे फक्त शेजारच्याकडं बघतं. लई जवळ गेलं तर बाजूला होतं, लई लांब पडलं तर जवळ येतं. बस. सगळी तेवढंच करतात. बाकीचं आपोआप होतं." ती बघत राहिली. एक पाखरू थव्यातून सुटलं, एकटंच कडेला गेलं, आणि ती नकळत पुढे वाकली. "येतंय परत," मिहिर म्हणाला. "थांब." ते आलं. "हे कशासाठी असतं रे?" तिने विचारलं. "कशासाठी म्हणजे? असंच." मग पडद्याकडेच बघत तो म्हणाला, "आई, मला हे शिकायचंय. इथं नांदेडलाच हाय कोर्स, बी.एस्सी.चा. पप्पांना तू सांग. मला न्हाई सांगता यायचं." ती म्हणाली, "सांगते." तो म्हणाला, "नक्की?" ती म्हणाली, "नक्की."

ती वेळ बघत होती. अण्णारावांचा मूड बघत होती, त्यांचं बीपी बघत होती. तेवढ्यात अण्णारावांनीच दार अर्धं उघडं पाहिलं, हसू ऐकलं, आणि एका सुट्टीच्या दिवशी ते स्वतः मिहिरशेजारी जाऊन बसले. तसे ते बऱ्याच महिन्यांत बसले नव्हते. पोराला कुठे हात लावावा हे त्यांना कळत नव्हतं, म्हणून त्यांनी लॅपटॉपला हात लावला. "ह्याच्यावर ती टेस्ट लागती का रे, क्लासची?" मिहिरने मशीन बंद करून विंडोजमध्ये चालू केलं. क्लासने दिलेला नंबर टाकला, टेस्ट लागली. "दे की एक, बघू," अण्णाराव म्हणाले, आणि मिहिरने दिली. सिंधु दारातून बघत होती. बाप आणि लेक खांद्याला खांदा लावून बसले होते, आणि हे दृश्य बघायला ती इतकी आसुसलेली होती, की त्यात काय चाललंय याकडे तिने पाहिलंच नाही. मार्क चांगले पडले. एवढे दिवस पुस्तक उघडलं नव्हतं तरी चांगले पडले. अण्णाराव बाहेर आले तेव्हा त्यांचे डोळे भरलेले होते. "सिंधु," ते म्हणाले, "पोरगं परत आलं गं आपलं." त्यांनी तिथल्या तिथे क्लासच्या सरांना फोन लावला. सर म्हणाले, अजून वेळ गेलेली नाही, पाठवून द्या.

तिने सांगितलं. नाही असं नाही, त्याच दिवशी जेवणानंतर सांगितलं. "त्याला ते कॉम्प्युटरचं शिकायचंय म्हणतो. इथंच." अण्णाराव रागावले नाहीत. रागावले असते तर तिलाही काही बोलता आलं असतं. ते शांतपणे म्हणाले, "करू दे की. मी कुठं न्हाई म्हणतो? पण एवढी परीक्षा होऊ दे. तीन वर्षं घातली, आता तोंडाशी आलेलं सोडायचं का? दोन्ही चालू दे. त्या लॅपटॉपमधी दोन्ही चालतंय ना?" आणि हे इतकं बरोबर वाटलं, इतकं कुणाचंच न मोडणारं. दोन्ही. तिने मिहिरला जाऊन सांगितलं, "पप्पा नाही म्हणत नाहीत. फक्त परीक्षेपर्यंत थांब म्हणतात. तुझं तेही चालू ठेव." तो तिच्याकडे बघत राहिला. रागाने नाही, दुःखानेही नाही. एखादं लांबचं नातेवाईक ओळखू येतंय का, असं माणूस बघतो तसा. "बरं," तो म्हणाला. त्या आठवड्यातच अण्णाराव त्याला लातूरला सोडून आले. जाताना मिहिरने दार लावून घेतलं नव्हतं, ते तसंच उघडं राहिलं, आणि सिंधुला त्या उघड्या दारावरून जाताना बंद दारापेक्षा जास्त भीती वाटायची.

फोनवर तो नीट बोलायचा. जेवलो, झोपलो, टेस्ट झाली, एवढे पडले. मार्क वाढत होते. अण्णाराव ते आकडे ऑफिसात सांगत होते. एप्रिलमध्ये एका रविवारी सिंधु एकटीच लातूरला गेली. लोहा, अहमदपूर, चाकूर, प्रत्येक स्टँडवर खिडकीतून काकड्या आणि पाण्याच्या बाटल्या आत येत होत्या, पत्रा तापला होता. ट्यूशन एरियात भिंतींवर, खांबांवर, पाण्याच्या टाक्यांवर पोरांचे फोटो होते, नावाखाली मार्क, सगळे एकाच वयाचे, सगळे एकाच तऱ्हेने हसणारे. रस्त्यावर जिवंत पोरं पाठीला पिशव्या लावून चालली होती, त्यांच्याकडे बघवत नव्हतं म्हणून ती फोटोंकडे बघत गेली. मिहिरची खोली तिसऱ्या मजल्यावर होती. त्याने केस कापले होते, दाढी केली होती. तिला खुर्ची दिली, पंखा तिच्याकडे वळवला, माठातलं पाणी दिलं. विचारलं, "प्रवास बरा झाला का? पप्पांचं बीपी कसंय?" इतका शहाण्यासारखा, की एखाद्याच्या घरी पाहुणी आलोत असं तिला वाटायला लागलं. डबा उघडून दशम्या, शेंगाचटणी काढून ठेवली. त्याने खाल्लं, "चांगलंय," म्हणाला. लॅपटॉप टेबलावर होता, नीट पुसलेला.

"पाखरं दाखव ना," ती म्हणाली.

"ती न्हाईत आता."

"म्हणजे?"

"ती दुसरी सिस्टीम काढून टाकली मी," तो म्हणाला. "व्हिडिओ लेक्चर लई जागा खातात. ह्याला जागा पुरत नव्हती."

"आणि पाखरं?"

"ती तिकडंच होती."

"अरे, कुठं ठेवायची होती काढून. पेनड्राईव्हवर, कुठंतरी."

"ठेवून काय करू?" तो म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. तो खरंच सांगत होता, जसं घर बदलताना कुणी म्हणावं, की जुना पाट कशाला न्यायचा. मग त्याने तिला विषयवार मार्क सांगितले, कुठे किती कमी पडतात ते सांगितलं, या वेळी होईल म्हणाला. तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. आखूड केस हाताला टोचले. ती हात काढून घेईपर्यंत तो स्थिर बसून राहिला.

स्टँडवर तो सोडायला आला. नांदेड गाडीत चढून त्याने तिच्यासाठी खिडकीची जागा धरली, पाण्याची बाटली आणून दिली, आणि गाडी सुटेपर्यंत खाली उन्हात उभा राहिला. गाडी वळल्यावर शेजारच्या बाईने विचारलं, "लेकरू क्लासला हाय व्हय?" "हाव," सिंधु म्हणाली. "डॉक्टर होईल मग." "होईल." बाई म्हणाली, "गुणाचं दिसतंय. नशीब काढलं बघा तुम्ही." सिंधु खिडकीबाहेर बघत राहिली. काढणी झालेली रानं होती, कुठे काही हिरवं नव्हतं, गरम वारा तोंडावर येत होता. होईल, खरंच होईल, तिला कळत होतं. फोटो लागेल, अण्णाराव पेढे वाटतील, तो नमस्कार करील. कुठे काही पडलेलं दिसणार नाही. गाडी चाकूरच्या स्टँडात शिरली तेव्हा ती उठली. "बाई, नांदेडचं तिकीट हाय ना तुमचं?" कंडक्टर म्हणाला. ती पिशवी घेऊन उतरली. गाडी पुढे गेली.

फलाटावरच्या बाकावर बसून तिने फोन लावला. त्याने लगेच उचलला.

"मिहिर, मी परत येऊन राहिले. चाकूरला उतरले. तुला घरी घेऊन जाते. सामान राहू दे, आपण तसंच जाऊ."

तिकडे पंख्याचा आवाज येत होता.

"आई," तो म्हणाला, "उद्या टेस्ट हाय."

"असू दे. नको देऊ."

"असं कसं," तो समजावणीच्या सुरात म्हणाला. "थोडंच राहिलंय आता. तू जा घरी, ऊन लई हाय. पप्पा वाट बघत असतील."

"पप्पांना मी बघते. तू मला सांग, तुला काय पाहिजे? तुला, मिहिर. काहीही सांग."

 तो टाळत नव्हता, विचार करत होता, मन लावून, परीक्षेतला प्रश्न दोनदा वाचून घ्यावा तसा. ती फोन कानाशी दाबून थांबली. समोरून लातूरला जाणारी गाडी आली, माणसं चढली, ती सुटली.

"काय पाहिजे म्हणजे?" शेवटी त्याने विचारलं. "मला कळलं न्हाई, आई."

 बाकावर शेजारी कुणीतरी गाठोडं ठेवलं, तिने सरकून जागा दिली.

"काही नाही," ती म्हणाली. "जेवत जा वेळेवर."

"हं," तो म्हणाला.

नांदेडची पुढची गाडी रिकामीच आली. ती तिच्यात बसली.